ठकठक

दाऊद मिस्त्रीने इंजिनाच्या झाकणावर चहाने भरलेला पेला ठेवला. बोट भर वेगात होती, तरी थेंबही सांडला नाही. बोट चालवणाऱ्या धर्मा तांडेलाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

या बोटीचा पिस्टन दर हंगामात तडकायचा, कारण डिझेलच्या स्फोटाचा दणका थेट त्याच्या माथ्यावर बसायचा. सहा वर्षांच्या खटपटीनंतर मिस्त्रीने दोन तुकड्यांचा पिस्टन घडवला आणि मधे पोलादी स्प्रिंग बसवली. आता दणका स्प्रिंग खात होती. इंजिनाची जुनी ठकठक पार गेली होती.

धक्क्यावर तांडेलाचा आंधळा बाप जाळ्यांच्या ढिगावर बसला होता. त्या ठकठकीवरून तो शंभर बोटींतून आपली ओळखायचा. आज बोट समोर येऊन लागली तरी त्याचा कान लांब दर्याकडेच होता.

“बाबा, चल घरी,” तांडेल उतरून म्हणाला.

म्हातारा धडपडत उठला. “तू कुणाच्या बोटीतनं आलास? आपली कुठं हाय? बाकीचे कुठं हायत रे?”

कोणी समजावलेलं त्याच्या कानात शिरेना. शेवटी चौघे खलाशी एकेक करून पुढे झाले. म्हाताऱ्याने प्रत्येकाचं तोंड चाचपलं, नाव विचारलं. सर्वांत शेवटी मिस्त्री गेला. स्प्रिंगबद्दल काय काय सांगायचं ते त्याने दिवसभर मनात घोळवलं होतं. त्याने फक्त नाव सांगितलं.

म्हाताऱ्याने दर्याला हात जोडले. “गेली तर गेली बोट. माणसं आली, बास.”

जोडलेल्या हातांसमोर त्याचीच बोट बारीक आवाजात अजून चालू होती.