धुरपदाबाईचं कौतुक

मोटार दारात थांबली तशी धुरपदाबाईच्या हातातलं सूप खाली आलं. गेल्या खेपेला ही मोटार थांबताना नुसती किंचाळली होती. आज ती खरवडत थांबली, करवतीनं पत्रा कापावा तशी.

बाईचा जन्म बैलगाड्यांत गेलेला. उतारावर गाडीच्या चाकाला लाकडी ठोकळा दाबतात. लाकूड आहे तोवर गाडी कुरकुरते. लाकूड संपलं की लोखंड लोखंडाला खातं आणि गाडी बैलांच्या अंगावर जाते. मोटारीपुढं तर बैलही नसतात. यावल सोडलं की तापीचा उतार, उताराच्या तळाला पाणी. आणि आज याच मोटारीतून तिची लेक कुंदा, सव्वा महिन्याचं पोर मांडीवर घेऊन, धुळ्याला सासरी निघायची होती.

विहीण भिकुबाई मोटारीतून उतरली ती थेट पाळण्यापाशी गेली. नातवाच्या गालावर तीट होतीच. तरी तिनं कनवटीची डबी काढून दुसरी लावली, आणि लावताना एक डोळा धुरपदाबाईवर ठेवला.

धुरपदाबाईनं ते पाहिलं आणि गिळलं.

"विहीणबाई, मोटारचा ब्रेक संपला. लोखंडाले लोखंड घासून राह्यलं. आज पोराले यातून नेऊ नका."

भिकुबाई हसली. "लगनमा डबडं म्हनात, बारसामा भंगार म्हनात, आते ब्रेक! तुमना तोंडमाईन आमनी मोटारले एक चांगला शब्द कधी निंघी?"

ते काही खोटं नव्हतं. धुरपदाबाईनं ड्रायव्हर वनाकडे पाहिलं. वनानं मालकिणीकडे पाहिलं, मग चाकाकडे.

"आवाज ते नेहमीनाच शे, अक्का," तो पुटपुटला.

"माय, आज तरी गप बस," कुंदा दारातून कळवळली. "मले तठी नांदायचं आहे."

तिचंही खरंच होतं. लेक आज दारात अडवली असती, तर त्याचं उट्टं धुळ्याच्या चुलीपुढं वर्षभर निघालं असतं.

धुरपदाबाईच्या जिभेला गाव भीत होतं. ती जीभ अशी का झाली, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. नवी नवरी असताना ती शेजारच्या निंबाभाऊच्या गोऱ्ह्याला पाहून हरखली. काय रूप आहे म्हणाली. गोऱ्हा त्याच आठवड्यात मेला. पुढं दिराच्या केळीला चांगलं म्हणाली आणि वादळात बाग आडवी झाली. मग ती दिसली की बाया पोरांची तोंडं पदराखाली घेऊ लागल्या. धुरपदाची नजर वाईट! त्यावरून ती पाणवठ्यावर भांडली, मारुतीच्या पारावर शपथ घेऊन आली, अर्ध्या भावकीशी बोलणं टाकलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी तिनं कशाला चांगलं म्हणणंच सोडून दिलं. भरल्या शेताला 'ठीक आहे', गुणी सुनेला 'बावळट'. सख्ख्या नातवालाही सव्वा महिना ती माकडतोंड्या म्हणूनच खेळवत होती.

वनानं पेटी मोटारीत ठेवली. कुंदा पोराला घेऊन आत बसली. भिकुबाईनं लुगडं सावरून एक पाय आत टाकला.

धुरपदाबाई ओट्यावरून खाली उतरली. मोटारीच्या काळ्या अंगावरून तिनं सावकाश तळहात फिरवला. निरोपाला अख्खी गल्ली जमली होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"विहीणबाई, खोटं कशाले बोलू? काय देखनी मोटार आहे तुमची! अशी म्या जन्मात पाह्यली नाही. माझी तं नजरच हटत नाही हिच्यावरून."

एका बाईनं कडेवरचं पोर पटकन दुसऱ्या अंगाला घेतलं. भिकुबाईच्या तोंडावरचा रंग उडाला. आत गेलेला पाय बाहेर आला.

"कुंदा! पोऱ्याले लिसनी खाले उतर! पहिले उतर!"

मोटार तिथंच लिंबाखाली राहिली. भुसावळहून मिस्तरी आणायचा, त्यानं सगळं खोलून पाहायचं, वरून नजरेचा उतारा टाकायचा, तोवर मोटारीला कोणी शिवायचं नाही, असं भिकुबाईनं वनाला बजावलं. निघताना वना धुरपदाबाईपाशी घुटमळला.

"अक्का, ब्रेकना पट्टा खरंच झिजी ग्यात. मी मालकले पहिलेच सांगेल शे."

"आता कोनाले सांगू नको," ती म्हणाली. "मिस्तरीले जे सापडंल ते माझ्याच नजरेनं झालं, असं म्हनू दे त्याहिले. माझ्या कुंदाले सुखानं राहू दे."

भुसावळ स्टेशनापर्यंत धुरपदाबाईचीच बैलगाडी जुंपली. चाकाचा ठोकळा तिनं वाकून, हात लावून पाहिला. लाकूड नवं होतं.

भिकुबाई आणि कुंदा गाडीत बसल्या. गाडी हलताना नातवाला एकदा पाहावं म्हणून धुरपदाबाई जवळ गेली. कुंदानं तिच्याकडे पाहिलं आणि पोराच्या तोंडावर पदर ओढून घेतला.

धुरपदाबाईनं पुढं केलेला हात तसाच मागं नेला. मग आपण होऊन तोंड भिंतीकडे फिरवलं आणि गाडी जाईपर्यंत तशीच उभी राहिली.

घुंगरं वळणापलीकडे विरली. गल्ली पांगली. ऐकायला कोणी उरलं नाही, याची खात्री करून ती अगदी हळू म्हणाली, "काय देखनं पोर आहे माझं!" आणि दचकून, घाईघाईनं, बाजूला थुंकली.