चौथं भोक

"अजून एक भोक पाडा, मामा. दोन बोटं आत. जरा पटकन."

टायरवाल्याने कुत्र्याचा पट्टा कामाच्या फळीवर टाकला आणि रुमालाने मान पुसली. मामाने सवयीने पंच उचलला, हातोडी उचलली, पट्टा लोखंडी ठोकळ्यावर आडवा केला. चप्पल, बॅग, पाकीट, पट्टा, चामड्याचं जे फाटेल ते या सहा फुटांच्या दुकानात येई, आणि तीस वर्षांत मामा कुठल्याच गिऱ्हाइकाला नाही म्हणाला नव्हता.

हा पट्टा त्यानेच बनवलेला. दोन वर्षांपूर्वी टायरवाला एक धिप्पाड तपकिरी कुत्रा घेऊन आला होता. मान मोजताना त्या गड्याने मामाचा कान चाटून चिंब केला होता. मामाने जाड चामडं निवडलं, दुहेरी शिलाई मारली आणि नेहमीसारखं एकच भोक पाडलं. ज्यांना माप घेता येत नाही ते चार-चार भोकं पाडतात, असं तो ऐटीत म्हणायचा.

मग सहा महिन्यांपूर्वी नुसता पट्टा आला. सैल झालाय, म्हणाला टायरवाला. "चामडं आहे साहेब, वापरून ताणतं," असं मामानेच त्याला समजावलं आणि आत दुसरं भोक पाडून दिलं. तीन महिन्यांनी पट्टा पुन्हा आला. मामाने पुन्हा चामड्यालाच शिव्या घातल्या आणि तिसरं पाडलं. त्याच दिवशी टायरवाल्याने स्वतःच्या कमरेचा पट्टाही पुढे केला होता. त्याला मात्र बाहेरच्या बाजूला भोक हवं होतं. दोघे त्यावर खो खो हसले होते.

"आज याला सोबत का आणलंत?" मामाने विचारलं. समोर रेलिंगला, रणरणत्या उन्हात, नायलॉनच्या दोरीने एक कुत्रा बांधलेला होता. तापलेल्या फरशीवर तो एकेक पाय उचलत होता.

"पट्ट्यातून डोकं काढून पळाला ना! बेकरीमागच्या कचऱ्यात तोंड घालून बसला होता. चार लोकांत माझी अब्रू घालवली."

"हा नवीन का? आधीचा कुठे गेला?"

"नवीन कुठला? तोच आहे."

मामाचा हात थांबला. त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. बरगड्या इथून मोजता येत होत्या. मान तर मनगटाएवढी उरली होती. त्याने मापपट्टी काढून पट्ट्यावर धरली. बनवला तेव्हा एकवीस इंच होता, आजही एकवीसच. चामडं सूतभरही ताणलं नव्हतं.

"याला खायला काय घालता?"

"रखवालीचा कुत्रा आहे, मामा. पोट भरलं की घोरत पडतो. अर्धपोटी ठेवला की कान टवकारून जागा राहतो. आमची पद्धत आहे ती."

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पद्धत म्हणे! ज्या तोंडाने हे सांगितलं, त्या तोंडात याने तासाभरापूर्वीच भरपेट जेवण कोंबलेलं असणार.

"कुत्रा माझा, पट्टा माझा," टायरवाला म्हणाला. "तुम्ही भोक पाडा. शहाणपण नको."

"पाडतो की. आधी तुझ्या कमरेचा काढ."

"काय?"

"काढ. चांगलं चार बोटं आत पाडतो. तो आवळून महिनाभर दुकानाबाहेर उन्हात बस, आणि मग मला सांग किती जाग येते ती!"

मामाचा आवाज एवढा चढलेला त्या गल्लीने कधी ऐकला नव्हता. चप्पल शिवून घ्यायला बसलेल्या शाळेच्या बाई एका पायावर उभ्या राहिल्या. तशाच अनवाणी पाय टाकत रेलिंगपाशी गेल्या, पिशवीतल्या बाटलीतलं पाणी ओंजळीत धरलं. कुत्रा हाताला तोंड लावून ते पाणी चाटत राहिला. बाईंनी ओला हात पदराला पुसला आणि जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. येणारे-जाणारे थबकले. कुणी तरी मोबाइल वर केला.

टायरवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. "मग ठेवा तुमच्याकडेच! एवढा पुळका आलाय तर पोसा. मला काय, दुसरा मिळेल."

"दुसरा आण," मामा जागेवरून उठत म्हणाला. मापपट्टी त्याच्या मुठीतच होती. "आण तर खरं. दर सोमवारी तुझ्या दुकानात येऊन त्याची मान मोजीन. गिऱ्हाइकांसमोर मोजीन."

टायरवाला पुटपुटत निघून गेला. त्याने दुसरा कुत्रा आणला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं तसं थोडं थोडं खाऊ घालत, पोटातले जंत काढत, मामाने त्या कुत्र्याला उभं केलं. पाच महिन्यांनी पट्ट्याचं बक्कल पुन्हा पहिल्या भोकात बसलं. आता तो दुकानाच्या सावलीत गोणपाटावर पडून असतो आणि दुपारी मनसोक्त घोरतो.

परवा शाळेच्या बाई आल्या. कुत्र्याला थोपटत म्हणाल्या, "मामा, तुम्ही त्या दिवशी चौथं भोक पाडलं नाहीत, म्हणून हा वाचला. बाकी एवढे चांगले कारागीर तुम्ही, याला एक नवीन पट्टा करा की. ही जुनी भोकं किती वाईट दिसतात."

मामा एकदम चिडला. हातातली चप्पल त्याने फळीवर आपटली.

"दिसू देत! चौथं पाडलं नाही याचं कसलं कौतुक करता, बाई? आधीची दोन कुणी पाडली, ते विचारा."