कुलुपातली बरणी

"भानू, अगं भाकरी झाली नाही का अजून?"

वच्छलाबाईंनी सकाळपासून हे चौथ्यांदा विचारलं. भानुमतीने कढईतली मेथी वाडग्यात काढली आणि सासूबाईंपुढे ठेवली.

"भाकरी बंद आहे ना तुमची? ही भाजी खा. वर ताक देते."

"पाल्यानं काय होतंय? दोन भाकरी खायचे तेव्हा एवढी भूक नव्हती गं. आता वाडगं रिकामं झालं की पोटात पुन्हा आग पडते."

हे काही खोटं नव्हतं. पथ्याला आज दहा दिवस होत आले होते आणि भूक कमी व्हायची सोडून दुप्पट झाली होती. म्हातारीचा जीव सारखा चुलीकडे. हंडाभर पाणी पिऊनही घशाची कोरड जात नव्हती.

पथ्य शहागंजच्या हकीम नूरमोहम्मदांचं. दोन महिन्यांत वच्छलाबाईंचं अंग झडून निम्मं झालं, वैद्यांच्या पुड्यांनी गुण येईना, तेव्हा त्यांना बोलावलं होतं. त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि मग मोरीपाशी बसून तिथल्या मुंग्या न्याहाळल्या. एवढा मोठा हकीम मुंग्या कसल्या बघतोय, असं भानुमतीला वाटलं होतं. जियाबेतिस की असंच काहीसं नाव त्यांनी घेतलं आणि निघताना उंबऱ्यात थांबून तिला बजावलं,

"अनाज बंद. चावल, ज्वारी, गेहूं, कुछ नको. साग खिलाओ, छाछ पिलाओ. और मीठा तो जहर समझो, बेटी. थाली में जरा भी नको. पथ्य पाला तो बुढ़िया बचेगी."

भानुमतीने मान डोलावली. ती नगरची, इंग्रजी मुलखातली. लग्न होऊन निजामाच्या राज्यात आली तेव्हा बाजारातली बोली तिच्या डोक्यावरून जायची. तीन वर्षांत मात्र तिला दुभाष्या लागेनासा झाला होता, आणि याचा तिला थोडा तोराही होता. नवरा केशव तहसील कचेरीत पेशकार. कामासाठी महिनाभर वैजापूरला गेलेला, जुम्म्याची सुट्टीसुद्धा तिकडेच. घरात सासू आणि ती, दोघीच.

त्याच दिवशी तिने ज्वारीचं पीठ, तांदूळ आणि चिनीमातीची बरणी फडताळात ठेवून कुलूप घातलं. किल्ली कमरेला. सासूबाईंसमोर बसून भाकरी मोडणं जिवावर येई, म्हणून तीही पथ्याचंच खाऊ लागली.

तिला आई आठवत नव्हती. या घरात आल्यावर विषमज्वराने आडवी झाली, तेव्हा अठरा दिवस उशाशी बसून राहिल्या त्या वच्छलाबाई. आता त्यांना वाचवायची पाळी तिची होती. आणि ती वाचवणार होती, लोकांनी काहीही म्हणावं.

लोक म्हणत होतेच. शेजारची चतुराबाई तर तोंडावर म्हणाली, "म्हातारीचा आवाज गल्लीत ऐकू येतोय. उपाशी मारतीस व्हय तिला? एक भाकर दिली तर काय बिघडतंय?"

"हकीमसाहेबांचा हुकूम आहे."

"हकीम काय तुझ्या दारात बसलाय?"

भानुमतीने पाठ फिरवली. चूल लिंपता लिंपता मात्र खूप रडली. आत वच्छलाबाई पुटपुटत होत्या, "घशाखाली उतरत नाही गं. जरा चव तरी आण त्यात." तेवढं ती करत असे. एवढ्या कडक पथ्यात जिभेचा इतका लाड करायला हकीमसाहेबांनी कुठे मनाई केली होती?

दहाव्या दिवशी संध्याकाळी हकीम आले. पुन्हा मोरीपाशी गेले आणि कपाळाला आठ्या घालून परतले.

"कोई चुपके से मीठा दे रहा है."

भानुमतीच्या डोळ्यांपुढे चतुराबाई उभी राहिली. कालच ती पदराआड काहीतरी घेऊन आली होती, भानुमतीला बघून तशीच मागे फिरली होती. दुसऱ्या दिवशी ती दारात आली तेव्हा भानुमतीने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. तेव्हापासून दाराची कडी काढली नाही. डोळ्यांत तेल घालून राखण केली. आपल्या हातचं सोडून एक कणही तिने म्हातारीच्या तोंडात जाऊ दिला नाही.

तेराव्या दिवशी वच्छलाबाईंनी खायला मागितलं नाही.

पथ्य लागू पडलं असं वाटून भानुमतीला आधी हायसं वाटलं. मग तिने त्यांना हलवून पाहिलं. त्या डोळे उघडेनात. श्वास लांब आणि जड चालला होता, त्याला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. ती अनवाणीच शहागंजला धावली.

हकिमांनी पापणी वर करून पाहिली, नाडी धरली आणि बराच वेळ हात सोडला नाही. मग तो हळूच अंथरुणावर ठेवला.

"अब मेरे हाथ में कुछ नहीं. सच बोलो बेटी, मीठा किसने दिया?"

"कुणीच नाही."

"दिया है. बहुत दिया है."

तेरा दिवस सगळ्या गल्लीची बोलणी खाल्ली, आणि शेवटी आळ आलाच. भानुमतीने कमरेची किल्ली काढून फडताळ उघडलं. बरणी दोन्ही हातांनी उचलून हकिमांपुढे ठेवली आणि झाकण काढलं. आत काठोकाठ खडे मीठ होतं.

"बघा, हातसुद्धा लावलेला नाही," ती म्हणाली. "अळणी घास उतरेना म्हणून रडायच्या, तेव्हा मी भाजीत नुसता गूळ घालून देत होते."