परवाना चोख होता

कागद बघितल्याशिवाय परक्याच्या कपाटाला हात लावायचा नाही, हा किल्लीवाल्याचा नियम.

"बंदुकीच्या कपाटाची किल्ली हरवलीय," म्हणत साहेबांनी बंदुकीचा परवाना पुढे केला. नाव, फोटो, शिक्का, सगळं चोख. "घरच्यांच्या रक्षणासाठी घेतलीय हो!"

स्वयंपाकघराच्या दारातून बाई नुसत्या मान हलवत होत्या. नवऱ्याच्या वेंधळेपणावर वैतागल्या असतील, म्हणून तो गालातल्या गालात हसला.

दोन मिनिटांत कुलूप उघडून देऊन, अवजारांची पिशवी खांद्याला अडकवून तो जिना उतरू लागला, तोच वर धाडधाड दोन गोळ्या सुटल्या. तो धावत परत आला. बाई रक्ताच्या थारोळ्यात पडल्या होत्या.




त्यांच्या आवळलेल्या मुठीत कपाटाची किल्ली होती.