सगुणाकाकूंचं औषध

"शेट, त्या वातसंजीवनीत निम्मी दारूच असते, म्हणून तर खपते," मुंबईहून आलेला कंपनीचा माणूस हसत म्हणाला आणि लिंगाप्पानं हातातली बाटली पुन्हा फळीवर ठेवली.

बार्शीच्या पेठेत विलायती साबण आणि काडेपेट्यांशेजारी त्या बाटल्या मांडून त्यानं गावभर औषध विकलं होतं. वातानं गुडघे धरलेल्या सगुणाकाकूंना तर "नुसता झाडपाल्याचा अर्क आहे" असं छातीठोक सांगितलं होतं. सोवळ्यातल्या विधवेला आपण दारू पाजली, ह्या विचारानं त्याला घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी तो काकूंच्या ओट्याशी गेला. काकू ओवी गुणगुणत वाती वळत बसल्या होत्या. सून आत गेल्यावर त्यानं खालमानेनं सगळं सांगून टाकलं.

"माफ करा, काकू. मला ठाऊक नव्हतं."

काकूंचे हात थांबले. "मला होतं," त्या हळूच म्हणाल्या. "माझे वडील प्यायचे. पहिल्या घोटालाच वास ओळखला. पण औषधाला विटाळ नसतो म्हणतात. कुणी नाव काढलं नव्हतं, तोवर ते औषधच होतं, लिंगाप्पा. आता कसं घेऊ?"

भिंतीला धरून काकू उठल्या, कोनाड्यातली बाटली त्यांनी ओट्यावर आणून ठेवली आणि पदर तोंडावर ओढून आत वळल्या.

बाटली उपरण्यात गुंडाळून लिंगाप्पा पेठेकडं निघाला. मनावरचं ओझं उतरवायला तो आला होता, आणि ते म्हातारीच्या गुडघ्यांवर ठेवून चालला होता. समोरून ओळखीची माणसं येत होती, पण त्याला मान वर करवेना.