बाईंची सही
परिचारिकांच्या प्रशिक्षणात बाईंनी मला तीनदा नापास केलं. उष्णतेने लस बिघडली की बाटलीवरचा फिकट चौकोन काळवंडतो. टोचण्याआधी तो बघायला मी दरवेळी विसरले. “तुझ्या हातून होताना माझ्या डोळ्यांनी पाहीन, तेव्हाच प्रात्यक्षिकांच्या वहीत सही करीन,” बाई म्हणाल्या. मी रडले, धुसफुसले, पण शिकले. चौथ्यांदा मिळालेली, खाली दोन ठिपके असलेली ती सही घरभर नाचवली. आज लेकीला लस द्यायला नेलं, तर नवी परिचारिका बाटली न बघताच सिरिंज भरू लागली. मी तिचा हात धरला. चौकोन काळाकुट्ट होता. “हे शिकवलं नाही तुम्हाला?” “वहीत होतं की. बाईंनी आमच्या चाळीस वह्या घरी मागवल्या आणि एका बैठकीत सह्या करून टाकल्या.” तिने ड्रॉवरमधून वही काढून दाखवली. तीच सही, खाली तेच दोन ठिपके. “देवमाणूस आहेत हो आमच्या बाई.”