सुरमईचे वाटे

“ही सुरमई?” तात्यारावांनी विचारलं.

“मग काय, देवमासा आणू तुमच्यासाठी?” मासेवाल्या दुर्गाबाईंनी मासा तळहातावर आडवा ठेवून दाखवला. शेपटी जेमतेम मनगटाबाहेर आली.

तात्यारावांनी वाकून पाहिलं. दात होते. बाकीचा मासा यायचा राहिला होता.

“मोठी कधी येईल?”

“मोठी व्हायला आधी सोडायला पाहिजे ना तिला. बारीक जाळं टाकतात, येईल ते उचलतात. त्यात पाणी तापलंय म्हणे. तारल्या, बांगडे वर उत्तरेकडं सरकले. हिचं खाणंच तिकडं गेलं, ही इथं कशाला थांबेल?”

सरकारी कचेरीत हयात घालवलेल्या तात्यारावांना हे पटलं. खाणं जिकडे असेल तिकडे बदली मागून घेणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

“पुढच्या रविवारी मोठी बघून ठेवा.”

“वर्षभर हेच म्हणताय तात्या. एकटा माणूस तुम्ही. मोठी नेऊन काय तिच्याशी गप्पा मारणार?”

मोठी सुरमई त्यांना खायला नकोच होती.

विश्रांतवाडीतल्या त्यांच्या इमारतीत पूर्वी हातभर लांब सुरमई यायची. एका घराला ती आवरायची नाही. मग वाटे पडायचे. चार घरांतली माणसं तात्यारावांच्या स्वयंपाकघरात जमायची. मागच्या खेपेला डोकं कोणाकडे गेलं होतं, यावर वाद व्हायचा. त्यांच्या पत्नी राधाबाई चहा टाकायच्या. वाद चहाला पुरून जेवणापर्यंत उरायचा. मग सुरमई आखूड होत गेली. चाराचे तीन वाटेकरी झाले, तिनाचे दोन. भांडण कोणाचंच झालं नाही. ज्याच्या त्याच्या कढईत मावेल अशी सुरमई मिळू लागली, एवढंच. पुढे राधाबाई गेल्या. मुलगा आणि मुलगी लग्नं करून पुण्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, म्हणजे जवळजवळ परदेशीच.

त्या संध्याकाळी तात्यारावांनी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकली. ‘येत्या रविवारी वाटे घालण्यात येतील. वाटेकऱ्यांनी जेवणाआधी हजर राहावे. नंतर तक्रार चालणार नाही.’ सुरमईचा उल्लेख करायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. वाटे आणखी कशाचे असतात?

चार जणांनी अंगठे दाखवले. एका भाडेकरूनं वाटे पार्किंगचे आहेत का, असं विचारलं. कोणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. येतो म्हणून कोणीच म्हणालं नाही.

दोन दिवसांनी मात्र प्रज्ञेशचा फोन आला. मेंटेनन्स तो भरायचा, म्हणून तोही त्या ग्रुपवर होता.

“बाबा, हे काय टाकलंय? वाटे? आम्हाला न विचारता?”

“त्यात विचारायचं काय?”

“अहो, फ्लॅट आहे तो! असा ग्रुपवर वाटतात का? आणि एकदम हे का काढलंत? तब्येत बरी आहे ना?”

तात्यारावांनी ‘सुरमई’ म्हणायला तोंड उघडलं. वाट्यात डोकं आलं नाही म्हणून लहानपणी ताटावरून उठलेला हा मुलगा. त्याला आता वाटा म्हटल्यावर फ्लॅट आठवत होता. त्यांनी तोंड मिटलं.

“कल्याणीलाही घेऊन ये,” ते म्हणाले. “असल्या गोष्टी फोनवर बोलत नाहीत.”

रविवारी दोघं आली. प्रज्ञेश वकिलाला विचारून आला होता, कल्याणी डॉक्टरला. दोघंही सोफ्याच्या कडेवर पाहुण्यांसारखी बसली.

“मला काही नको. दादाला द्या,” कल्याणी म्हणाली. “फक्त रिपोर्ट काय आलेत ते खरं सांगा.”

“असं कसं? निम्मं तुझं आहे,” प्रज्ञेश म्हणाला. “पण बाबा, तुम्ही राहणार कुठे?”

या घरात एवढं बोलणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. तात्यारावांनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग आत जाऊन ताटली आणली आणि टीपॉयवर ठेवली. ताटलीत तळलेली सुरमई होती. डोक्याशेपटीसकट चार तुकडे, एकेक बिस्किटाएवढा.

“डोकं कोणाला?” त्यांनी विचारलं.

प्रज्ञेशनं ताटलीकडे पाहिलं. मग वडिलांकडे.

“यासाठी? अर्धं पुणं ओलांडून आलोय मी! रात्रभर झोप नाही मला! आणि याचे वाटे?” तो उठला. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती.

कल्याणी खुदकन हसली आणि ताटं आणायला आत गेली. मांडणीत पुढे एकच ताट होतं. बाकीची वरच्या फळीवर होती, वर्तमानपत्रात गुंडाळून दोरी बांधलेली. गाठ घट्ट बसली होती.

“दादा,” तिनं आतून हाक मारली. “जरा इकडे ये.”

प्रज्ञेश आत गेला. बराच वेळ आतून कागदाचा, मग नळाचा आवाज येत राहिला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात किल्ली नव्हती, धुतलेली तीन ताटं होती.

ती जेवली. मासा पहिल्या घासाबरोबरच संपला. वरणभात बराच वेळ चालला. दुपार उतरल्यावर दोघं निघाली. चपला घालताना, काहीतरी बोलायचं म्हणून प्रज्ञेशनं विचारलं, “पुढच्या रविवारी मोठी मिळेल का हो, बाबा?”

तात्यारावांनी दाराची कडी उगाच वरखाली केली.

“मोठी आता मिळायची नाही,” ते म्हणाले. “तरी या.”